यंत्रसंगीताचा धनी कोण?

पुण्याच्या पूर्वेची खराडी १९९७ साली महापालिकेच्या हद्दीत आली. शेतांच्या जागी संगणक कंपन्यांच्या इमारती उभ्या राहिल्या आणि एकाच उपनगरात दोन प्रकारचे श्रोते शेजारी आले. विसर्जनाच्या मिरवणुकीत ध्वनिवर्धकांच्या भिंतीपुढे नाचणारा एक; तिकीट काढून महोत्सवाला जाणारा दुसरा. २००७ साली गोव्यात सुरू झालेला ‘सनबर्न’ महोत्सव २०१६ च्या डिसेंबरात वाघोलीपलीकडील केसनंद येथे भरला होता. दोन्हीकडची यंत्रे एकाच जातीची. मात्र पहिल्यावर सुशिक्षितांचा रोष, तर दुसऱ्यावर संस्कृतिरक्षकांचा.

गोंगाटाची तक्रार खोटी नाही. २००० सालच्या नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे व ती दोघांनाही सारखीच लागू व्हावयास हवी. परंतु या वादात मूळ आर्थिक प्रश्न हरवतो. हे संगीत रचणाऱ्याच्या पदरात काय पडते?

१९८२ साली मुंबईत चरणजित सिंग यांनी सिंथेसायझर व तालयंत्रांवर दहा राग बसवून ध्वनिमुद्रिका काढली. ती फारशी खपली नाही. २०१० साली तिचे पुनःप्रकाशन झाले, तेव्हा कुठे पाश्चात्त्य रसिकांना तिचे नावीन्य उमगले. त्या काळी यंत्रे महाग होती. आज तेच काम घरच्या संगणकावर होते. निर्मितीचा खर्च घटला, निर्माते वाढले आणि त्यांची सौदाशक्ती घटली. दुर्मीळ राहिली ती जागा, ध्वनिवर्धक आणि गर्दी. साहजिकच नफाही त्यांच्या मालकांकडे वळतो.

कायद्याचा आधारही अपुरा आहे. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीवरील हक्क बळकट झाला. पण धार्मिक समारंभ आणि लग्नाची वरात यांत वाजणाऱ्या संगीताला कॉपीराइट कायद्यातच सूट आहे. २०१७ साली वस्तू व सेवा कर आला, तेव्हा दीड लाखापर्यंतच्या मानधनावर सवलत मिळाली ती शास्त्रीय व लोककलांच्या कलावंतांना. संगणकावर संगीत रचणारा यांपैकी कोणत्याच चौकटीत बसत नाही. लहान उत्पन्नाला कर लागत नाही, हे खरे. तथापि शासन कोणाला कलावंत मानते, हे अशा तरतुदींतूनच दिसते.

आवाजावर बंधन घालणे हे शासनाचे कर्तव्यच आहे. पण ज्या समाजाला वाद्याचा आवाज मोजता येतो आणि वाजविणाऱ्याचे श्रम मोजता येत नाहीत, त्याने संस्कृतिरक्षणाची भाषा जपूनच वापरावी.