शिळे कोणी खायचे?

शिळ्या कढीला ऊत आणणे हे मराठीत कोणी कौतुकाने म्हणत नाही. कढीपुरते ते ठीक आहे. पण शिळे म्हणजे ताज्यापेक्षा खालचे आणि म्हणून ते खालच्या माणसाने खायचे, ही जी समजूत त्यामागे आहे ती मला पटत नाही. सुट्टीत घरी गेलो की मी कालचे क्रोसाँ आणतो, त्यांत सारण भरतो आणि ते पुन्हा भाजतो. त्यावरूनच माझे हे मत झाले आहे, आणि ते आपल्या मेसलाही लागू पडते असे मला वाटते.

आमचे घर बंगळुरूजवळ देवनहळ्ळीत आहे. टिपू सुलतानाचा जन्म इथला. इथल्या चकोत्याला, म्हणजे पपनसाला, भौगोलिक मानांकन आहे. पण मे २००८ मध्ये इथे विमानतळ सुरू झाला आणि गावाची ओळखच बदलली. बाबा सैन्यातून निवृत्त झाल्यावर तिथेच नोकरीला लागले, म्हणून आम्ही इथले. विमानतळामागून हॉटेले आली, हॉटेलांमागून बेकऱ्या आल्या, आणि अय्यंगार बेकरीतल्या दिलपसंद आणि खाऱ्या बिस्किटांच्या शेजारी क्रोसाँ दिसू लागले. क्रोसाँ म्हणजे आपल्या खारीचा भाऊबंदच. पिठाच्या घड्यांमध्ये लोण्याचे थर दोघांतही असतात, फक्त क्रोसाँचे पीठ यीस्टने फुगवलेले असते. आमच्या जवळच्या बेकरीत सकाळी एक वेगळा ट्रे असतो. दुकानदार तिकडे बोट दाखवून 'निन्नेदु', म्हणजे कालचे, एवढेच म्हणतो आणि किंमत निम्मी घेतो. मी त्या ट्रेचा कायमचा गिऱ्हाईक आहे.

करायची रीत अवघड नाही. एक वाटी पाण्यात अर्धी वाटी साखर उकळून पातळ पाक करायचा, त्यात वेलची घालायची आणि तो गार होऊ द्यायचा. चार क्रोसाँसाठी ६० ग्रॅम लोणी, ६० ग्रॅम पिठीसाखर, ६० ग्रॅम बदामाची पूड, एक अंडे आणि चमचाभर मैदा एकत्र फेटला की सारण तयार. क्रोसाँ आडवा चिरायचा, दोन्ही भाग आतून पाकाने ओले करायचे, सारण भरायचे, थोडे वरूनही फासायचे, आणि ओव्हनमध्ये १७० ते १८० अंशांवर १५ ते २० मिनिटे ठेवायचे. फ्रान्समधल्या बेकऱ्या उरलेल्या क्रोसाँचे हेच करतात आणि ताज्यापेक्षा जास्त भावाने विकतात. बदाम महाग पडतात म्हणून मी निम्म्या वेळा भाजलेल्या दाण्याचे कूट घालतो. आजी साताऱ्याहून आली की ओले खोबरे आणि गूळ घालून मोदकाचे सारण भरतो, कारण ती अंडे खात नाही. खोबऱ्याचे जास्त चांगले लागतात असे माझे मत आहे, पण धाकटी बहीण दाण्याच्या बाजूने आहे. चकोत्याच्या सालीचा वरचा पिवळा भाग किसून पाकात टाकला तर वास फार छान येतो. साल कडू असते, म्हणून चिमूटभरच.

महत्त्वाची गोष्ट ही की ताज्या क्रोसाँचे हे होत नाही. ताजा क्रोसाँ मऊ असतो. पाक लागला की त्याचे थर एकमेकांवर बसतात आणि लगदा होतो. कालचा क्रोसाँ घट्ट झालेला असतो, तो पाक पितो आणि तरी उभा राहतो. तो नुसता वाळलेला असतो असेही नाही. बूसिंगो या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५२ मध्ये दाखवून दिले की पाण्याचा अंश उडू दिला नाही तरी पाव शिळा होतो, आणि सुमारे ६० अंशांपर्यंत गरम केला की पुन्हा मऊ होतो. भाजताना विस्कटलेला स्टार्च थंड झाल्यावर हळूहळू पुन्हा रचला जातो, म्हणून पाव कडक लागतो. उष्णतेने ती रचना पुन्हा सुटते. फ्रिजच्या थंडाव्यात ही क्रिया सर्वांत वेगाने होते, त्यामुळे पाव फ्रिजमध्ये ठेवणाऱ्यांनी तो 'टिकतो' म्हणून समाधान मानू नये. बुरशी उशिरा येते इतकेच.

आपल्या स्वयंपाकघराला हे माहीत नव्हते असे नाही. फोडणीचा भात ताज्या भाताचा केला तर गचका होतो, कालच्या भाताचा मोकळा होतो. फोडणीच्या पोळीला कालचीच पोळी लागते. चहात बुडवायचा टोस्ट हा दुसऱ्यांदा भाजलेला पावच असतो. म्हणजे शिळे ही पदार्थाची खालची पायरी नसून कधीकधी तो कच्चा माल असतो.

मग शिळ्याची लाज कशाची? माझ्या मते ती पदार्थाची नाहीच. आमच्याच घरात बघतो. रात्रीच्या दोन पोळ्या उरल्या तर सकाळी त्या कोण खाते? आई. ओट्याशी उभ्याने, चहाबरोबर. बाबांना, बहिणीला आणि मला गरम पोळी. कोणी तसा नियम केलेला नाही, पण माझ्या माहितीतल्या एकाही घरात याच्या उलट होत नाही. जिथे कामाला बाई येते तिथे उरलेले तिच्या डब्यात जाते आणि त्याला 'देणे' म्हणतात. जे आपण खाणार नाही ते दुसऱ्याला देण्यात दान कसले?

दुसऱ्यांदा भाजलेला क्रोसाँ ओव्हनमधून निघतो तेव्हा हा क्रम मोडतो. तो सगळ्यांना हवा असतो. चार माणसांना चार, एकाच वेळी, बसून. मात्र एक अट आहे. शिळ्याचे नवे करण्याचे काम पुन्हा आईच्याच गळ्यात पडले तर काहीच बदलले नाही. म्हणून चिरणे, फेटणे, भाजणे आणि नंतरचा चिकट ट्रे घासणे हे माझ्याकडे. ट्रे घासणे हा यातला खरा फटीग आहे.

आजीचा आक्षेप वेगळा आहे. ती गीतेच्या सतराव्या अध्यायाचा दाखला देते. तिथे शिळे अन्न तामसी आहारात मोजले आहे. मी तिच्याशी वाद घालत नाही, पण माझे म्हणणे सांगतो. तिथे शिळ्याबरोबर दुर्गंधी सुटलेल्या, चव गेलेल्या अन्नाचाही उल्लेख आहे. न नासलेला पाव पुन्हा भाजणे वेगळे. आणि श्रावणात शीतला सप्तमीला चूल न पेटवता आदल्या दिवशीचे खाणारी घरेही आपलीच. आजी ऐकून घेते आणि खोबऱ्याचा दुसरा मागते.

नासलेले आणि शिळे यांत गल्लत करू नये, हे मात्र मलाही मान्य आहे. बुरशीचा ठिपका दिसला तर पूर्ण पाव फेकायचा, पाक आणि ओव्हन त्याला शुद्ध करत नाहीत. आधीच क्रीम भरलेला क्रोसाँ दुसऱ्या दिवशी घेऊ नये. लोण्याऐवजी मार्जरिन वापरलेले स्वस्त क्रोसाँ पहिल्या दिवशीही जिभेला चिकटतात, दुसऱ्या भाजण्याने ते सुधारत नाहीत. हे मार्जरिन तिसऱ्या नेपोलियनने सैन्यासाठी आणि गरिबांसाठी लोण्याला स्वस्त पर्याय हवा म्हणून बक्षीस लावले, त्यातून १८६९ मध्ये निघाले. सैन्याचे सगळेच शोध चांगले असतात असे नाही.

आता आपल्याकडे वळतो. बिस्किट या शब्दाचा मूळ अर्थच 'दोनदा भाजलेले' असा आहे. युरोपच्या फौजा आणि जहाजे शेकडो वर्षे त्यावर चालली. क्रोसाँचा पूर्वज पॅरिसला नेण्याचे श्रेय ज्याला देतात तो ऑगस्ट त्सांगही ऑस्ट्रियाच्या तोफखान्यातला माजी अधिकारी होता. त्याने १८३० च्या दशकाच्या शेवटी तिथे व्हिएन्ना पद्धतीची बेकरी काढली. (१६८३ च्या व्हिएन्नाच्या वेढ्यात बेकऱ्यांनी तुर्कांचा सुरुंग पकडला आणि त्या आनंदात क्रोसाँ जन्मला, ही गोष्ट क्विझमध्ये लिहू नका. तिला त्या काळचा पुरावा नाही.) तेव्हा गणवेशातल्या माणसाने दुसऱ्यांदा भाजलेल्या पिठाला नाक मुरडावे, हे विचित्र आहे.

मेसमध्ये क्रोसाँ मिळत नाहीत आणि मिळावेत अशी माझी मागणी नाही. पण पाव उरतो. न उघडलेल्या पाकिटातले स्लाइस दुसऱ्या दिवशी ज्युनिअरांच्या टेबलावर आधी येतात, हे आपण सगळे ज्युनिअर असताना पाहिले आहे. फ्रान्समध्ये शिळ्या ब्रिओशच्या कापांना पाक लावून, वर हेच बदामाचे सारण फासून भाजतात आणि त्याला बोस्टॉक म्हणतात. स्लाइसला तीच रीत लागू पडते, मी घरी करून पाहिले आहे. माझी सूचना अशी की रविवारी शिल्लक स्लाइसचे दाण्याच्या कुटाचे बोस्टॉक करावेत, पहिला ट्रे सीनिअरांच्या टेबलावर जावा, आणि शेवटचा कुकहाउसमधल्या मंडळींसाठी आधीच बाजूला काढून ठेवावा. ज्यांना शेंगदाणे चालत नाहीत त्यांच्यासाठी खोबऱ्याचे वेगळ्या ट्रेमध्ये.

मेस समितीसमोर ठेवायला हिशेब तयार आहे. ४० स्लाइसना कूट, साखर आणि लोणी प्रत्येकी ६०० ग्रॅम आणि १० अंडी लागतील. कामाला आमच्या हाउसचे सहा जण नावे द्यायला तयार आहेत, ट्रे घासण्यासकट. वार्षिक दिनाचा केक ज्या मोठ्या ओव्हनमध्ये होतो तो रविवारी नाश्त्यापूर्वी दोन तास रिकामा असतो.