पडद्यावरचा १.०० आणि आतला १.००

आधीच सांगते, मी कॉन्व्हेंटवाली. तेव्हा शुद्धलेखन सांभाळून घ्या!

दिवाळीच्या सुट्टीत आजोळी शेळगावला गेले होते. (इंदापूर तालुका. बारामतीहून इंदापूरला जाताना अंथुर्णे सोडलं की लागतं.) मामाकडे वस्तीवरच्या आठ-दहा घरांचं दूध जमतं, दर दहा दिवसांनी बिल. इंजिनिअर भाची घरात असताना वही कशाला? मी उत्साहात सी मध्ये प्रोग्रॅम लिहून दिला. सगळ्या नोंदींची बेरीज आणि वहीतला एकूण आकडा जुळला तर 'बरोबर', नाहीतर 'तफावत'. पहिल्याच संध्याकाळी तफावत! पडद्यावर मात्र दोन्ही आकडे तेच. मामा म्हणाला, "आकडं तर सारकंच हायती की गं!" आणि रात्री अकरापर्यंत वहीतली बेरीज पुन्हा पुन्हा करत बसला. आपल्या हातून कुणाचं दूध कमी तर लागलं नाही ना, ही त्याची काळजी. चूक माझी, झोप त्याची गेली.

होस्टेलवर आल्यावर छोटं उदाहरण केलं. फ्लोटमध्ये ०.१ दहा वेळा मिळवला. प्रिंटएफ म्हणतं १.००, पण 'हे एकाएवढं आहे का?' विचारलं तर उत्तर 'नाही'. मग आतले ३२ बिटच छापले. खऱ्या एकाचे बिट हेक्समध्ये ३एफ८०००००, माझ्या बेरजेचे ३एफ८००००१. शेवटचा एक बिट जास्त! खुद्द ०.१ चे बिट ३डीसीसीसीसीसीडी. १/३ लिहिताना आपण ०.३३३ लिहीतच राहतो, तसा १/१० बायनरीत कधी संपत नाही. म्हणून सी-सी-सी ची रांग, आणि जागा संपली तिथे राउंडिंग होऊन 'डी'.

बिट बघायला (इंट) असं कास्ट लावलं तर हाती ० येतो, कारण ते किंमत बदलतं, बिट दाखवत नाही. पॉइंटरचं कास्ट बहुतेक वेळा चालतं, पण सी च्या नियमात बसत नाही. मेमकॉपीने अनसाइन्ड इंटमध्ये उतरवून घ्यावं. रस्टमध्ये तर 'टू_बिट्स' तयारच आहे. दोन ओळींचं काम!

आणि आपण काय करतो? आयट्रिपलई ७५४, साल १९८५, एक साइन बिट, आठ एक्स्पोनंट, तेवीस मँटिसा. व्हायव्हाला घडाघडा. एकदाही डोळ्यांनी न बघता! बेरीज जुळली नाही की "पॉइंट टू एफ लाव" हा सल्ला ठरलेला. म्हणजे ताप उतरवायला थर्मामीटर झटकायचा! माझं स्पष्ट मत आहे, फर्स्ट इयरच्या प्रॅक्टिकलमध्ये बिट छापायचा एक प्रयोग हवाच. मॅट्रिक्स गुणाकाराचा एक कमी झाला तरी चालेल.

कुणी म्हणेल, एका बिटाने असं किती दूध सांडणार? लिटरमागे थेंबही नाही, मान्य. पण वर्षाची बेरीज पैशांमध्ये फ्लोटात ठेवून बघा. १,६७,७७,२१६ पैसे, म्हणजे १ लाख ६७ हजार ७७२ रुपये १६ पैसे झाले, की पुढे एकेक पैसा कितीही वेळा मिळवा, आकडा जागचा हलत नाही.

आता मामाच्या प्रोग्रॅममध्ये दूध मिलिलिटरमध्ये आणि रक्कम पैशांमध्ये, दोन्ही पूर्णांक. तफावत येत नाही. वही मात्र मामाने अजून बंद केलेली नाही.