दुसरे बालपण, पण आई कुठली?

म्हातारपण म्हणजे दुसरे बालपण, हे वाक्य आपण इतक्या सहज बोलून जातो की त्यातली फसवणूक लक्षातच येत नाही. डेव्हिड फिंचरचा ‘द क्युरियस केस ऑफ बेंजामिन बटन’ हा २००८चा चित्रपट सुट्टीत पुन्हा पाहिला, तेव्हा ती मला कळली.

पहिले महायुद्ध संपले त्या रात्री न्यू ऑर्लिन्समध्ये एक बाळ जन्मते. आकाराने बाळ, पण कातडी सुरकुतलेली, सांधे आखडलेले, डोळ्यांत मोतीबिंदू. आई बाळंतपणात जाते. बाप घाबरून बाळाला एका वृद्धाश्रमाच्या पायरीवर ठेवून पळतो. तिथे काम करणारी क्वीनी त्याला उचलते. हे फार जगणार नाही, असे डॉक्टर सांगतो, तरीही ती त्याला सांभाळते. पुढे सारे जग म्हातारे होत जाते आणि बेंजामिन तरुण.

चित्रपटाला तेरा नामांकने आणि तीन ऑस्कर मिळाली : कलादिग्दर्शन, मेकअप आणि दृश्य-परिणाम यांसाठी. तिन्ही बक्षिसे डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टींची. माझ्या मते चित्रपटाचा जीव शेवटच्या काही मिनिटांत आहे. बेंजामिन आता शाळकरी पोरगा दिसतो, पण आतून सगळे विसरत चाललेला वृद्ध आहे. नुकतीच केलेली न्याहारी त्याला आठवत नाही. जिच्यावर जन्मभर प्रेम केले त्या डेझीला तो ओळखत नाही. डेझी त्याच्यासाठी आश्रमातच राहायला येते. शेवटी तान्हे बाळ होऊन तो तिच्या कुशीत डोळे मिटतो.

इथे मला अब्बा आठवले. शेवटची दोन वर्षे ते नाश्ता करून हात धुवायचे आणि पाच मिनिटांनी विचारायचे, “बेटा, नाश्ता कब मिलेगा?” वर्गात एकच अक्षर दहादा चुकवणाऱ्या मुलाला मी न चिडता शिकवतो. बी.एड.ला तेच शिकलो होतो. घरी मात्र एकदा ओरडलो, “अब्बा, अभी तो खाया आपने!” ते काही बोलले नाहीत. दिवसभर त्यांनी काहीच मागितले नाही.

चित्रपटाची मूळ कथा एफ. स्कॉट फिट्झगेराल्डची, १९२२ सालची. तिच्यात डेझी नाही. तिथे लहान होत चाललेल्या बापाची मुलाला लाज वाटते. घरी पाहुणे असले की मला ‘काका’ म्हणायचे, असे तो बापाला बजावतो. वाचताना हसू येते. पण पाहुणे आले की अब्बांना आतल्या खोलीत बसवणारे आम्ही तरी वेगळे कुठे होतो?

फसवणूक आहे ती इथे. पहिल्या बालपणाला आई असते. शिवाय मूल रोज काहीतरी नवे शिकते, म्हणून आपला धीर टिकतो. उद्या ते चालेल, बोलेल, कमावेल, हा हिशेब मनात कुठेतरी असतोच. म्हातारा माणूस रोज काहीतरी विसरतो. त्याच्यावर खर्च केलेला धीर परत मिळत नाही, आणि आपण नेमके तिथेच हात आखडता घेतो. क्वीनीने जगण्याची खात्री नसलेले बाळ उचलले, डेझीने ओळख नसलेला प्रियकर उचलला. दोघींनीही हिशेब केला नाही.

घड्याळ उलटे फिरले म्हणून सुटका होत नाही, हे बेंजामिनची गोष्ट सांगते. दोन्ही टोकांना दुसऱ्याच्या हातूनच घास घ्यावा लागतो.

अब्बांना जाऊन चार वर्षे झाली. तुमच्या घरी कुणी पुन्हा नाश्ता मागत असेल, तर अर्धा कप चहा आणि एक बिस्किट पुढे ठेवा. आधी काय खाल्ले ते सांगू नका.