मल्टिमीटर तिच्या हातात द्या

नव्या इंजिनिअर मुलीची मोटर अडली की साहेब स्वतः उठून बिघाड काढून देतात. मुलाला मात्र ‘बघ, शोध’ म्हणतात. मायेपोटी असेल, पण शिकायची संधी तिचीच जाते.

राजस्थानात तिलोनियाला १९७२ साली सुरू झालेल्या बेअरफूट कॉलेजात आफ्रिकेतल्या खेड्यांतल्या बायका, कित्येक तर निरक्षर, सहा महिन्यांत सौरदिव्यांचं काम शिकल्या. शिकवणाऱ्यांची भाषा येत नव्हती. रंगांच्या खुणा, हातवारे आणि हातात सोल्डरिंग आयर्न! गावी परतल्यावर दिवा विझला, तर विचारणार कोणाला?

कारखान्यांतल्या ज्येष्ठ मैत्रिणींनो, उत्तर माहीत असलं तरी आधी विचारा, ‘सप्लाय कुठपर्यंत येतोय? तू काय तपासलंस?’ आणि थांबा. काम खोळंबलं म्हणून वरून ओरड होईल, ती तुम्ही अंगावर घ्या.