प्रेमभंगाचं गाणं आणि आपला 'मी'

चळवळीतल्या ज्येष्ठांची एक तक्रार आम्ही नेहमी ऐकतो. पोरं शिकली, पण कानात दिवसभर इंग्रजी रडगाणी. भीमगीतं उरली जयंतीपुरती. कधीकाळी आम्हीही हेच बोलायचो. आज ही तक्रार आम्हाला अर्धीच खरी वाटते. उरलेल्या अर्ध्यावर बोलू.

ऑलिव्हिया रॉड्रिगोचं उदाहरण घेऊ. २००३ साली कॅलिफोर्नियात जन्मलेली मुलगी. वडिलांकडचे पूर्वज फिलिपिन्समधून अमेरिकेत आलेले. डिस्नेच्या मालिकांमध्ये काम करत ती मोठी झाली. ८ जानेवारी २०२१ रोजी तिचं 'ड्रायव्हर्स लायसन्स' हे गाणं आलं. विषय साधा: गाडीचा परवाना मिळाला, पण ज्याच्या घरी गाडी घेऊन जायचं होतं तोच आता आपला राहिला नाही. बिलबोर्डच्या 'हॉट १००' यादीत हे गाणं थेट पहिल्या क्रमांकावर आलं आणि आठ आठवडे तिथं राहिलं. मे महिन्यात 'सावर' अल्बम आला, पुढच्या वर्षी तीन ग्रॅमी मिळाले. गाणं आलं तेव्हा ती सतरा वर्षांची होती.

सतरा या आकड्यापाशी आम्ही थांबतो. एप्रिल २०१४ मध्ये अहमदनगर जिल्ह्यातल्या खर्डा गावात आपला एक मुलगा मारला गेला. तोही सतरा वर्षांचाच. सवर्ण मुलीशी बोलतो, एवढा संशय पुरेसा ठरला. २०१७ साली साक्षीदार फिरले आणि आरोपी निर्दोष सुटले. एका सतरा वर्षांच्या मुलीचं तुटलेलं मन जगानं डोक्यावर घेतलं. आपल्या पोराला मन तुटण्याइतकंही आयुष्य मिळालं नाही. प्रेमभंगाचं गाणं लिहायला आधी प्रेम करण्याची मोकळीक लागते, आणि जातीच्या समाजात ती सगळ्यांना सारखी मिळत नाही.

कुणी म्हणेल, हा सगळा बाजाराचा खेळ आहे. मान्य. एकट्या माणसाचं दुःख बाजाराला आवडतं, कारण ते कुणाला जाब विचारत नाही. पण याच मुलीची दुसरी बाजू पाहा. टेलर स्विफ्टच्या जुन्या रेकॉर्डिंगची मालकी २०१९ साली तिच्या हातात न येता परस्पर विकली गेली. त्यातून धडा घेऊन रॉड्रिगोनं करार करतानाच आपल्या मूळ रेकॉर्डिंगची मालकी स्वतःकडे ठेवली. जून २०२२ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं गर्भपाताचा घटनात्मक हक्क काढून घेतला, तेव्हा दुसऱ्याच दिवशी ग्लॅस्टनबरीच्या मंचावरून तिनं न्यायाधीशांची नावं घेऊन निषेध केला. म्हणजे स्वतःचं दुःख गाणारी मुलगी व्यवस्थेलाही जाब विचारू शकते. एकामुळे दुसरं अडत नाही.

आता आपल्याकडे पाहा. २०२१ सालीच तमिळमध्ये 'एन्जॉय एन्जामी' गाजलं. अरिवूनं आजीच्या, भूमिहीन मजुरांच्या आठवणींतून ते लिहिलं आणि गायलंही. पण त्याच वर्षी 'रोलिंग स्टोन इंडिया'च्या मुखपृष्ठावर त्याच गाण्यातली त्याची सहगायिका होती, अरिवू नव्हता. पा. रंजित यांनी त्यावर जाहीर आक्षेप घेतला. आणि आपण? जयंतीच्या डीजेवर वाजणाऱ्या किती गाण्यांचे कवी आपल्याला ठाऊक असतात? २०१२ च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्यानं गीतकाराला आणि संगीतकाराला रॉयल्टीचा हक्क दिला आहे. हे आपल्या किती गायक-कवींपर्यंत पोहोचलं?

आमचा खरा मुद्दा पुढेच आहे. आपलं गाणं 'आम्ही'चं आहे आणि त्याचा आम्हाला अभिमान आहे. वामनदादांनी हा 'आम्ही' वस्तीवस्तीत नेला. पण गाण्यात 'मी' आला की आपण त्याला स्वार्थी का म्हणतो? 'बलुतं'मध्ये दया पवारांनी 'मी' लिहिला, 'जिणं आमुचं'मध्ये बेबीताई कांबळेंनी स्वतःचं जगणं मांडलं, तेव्हा साहित्य हादरलं. संविधान सभेत बाबासाहेबांनी गावाला नाकारून व्यक्तीला एकक मानल्याचं स्वागत केलं. 'जातिसंहारा'त त्यांनी आंतरजातीय विवाहाला जातीवरचा खरा उपाय म्हटलं. मग आपल्या पोरापोरींचं प्रेम चळवळीबाहेरचं कसं?

कॉलेजातली नाती तुटतात तेव्हा 'जमलं नाही' असं सांगितलं जातं. अनेकदा न जमलेली गोष्ट आडनाव असते. 'घरचे ऐकणार नाहीत' या वाक्यामागे काय असतं, हे आपल्या प्रत्येक मुलीला कळतं. ती ते नशीब समजून गिळते. तिनं ते गायलं, तर ते प्रेमभंगाचंही गाणं असेल आणि जातीविरुद्धची साक्षही. कोर्टात फिरणारे साक्षीदार आपण पाहिले. हा साक्षीदार फिरणार नाही.

म्हणून तरुण मित्रमैत्रिणींनो, रॉड्रिगो खुशाल ऐका. पण ऐकून थांबू नका. स्वतःचं लिहा, आपल्या बोलीत लिहा. गाण्यावर स्वतःचं नाव टाका आणि करार वाचल्याशिवाय सही करू नका. आणि ज्येष्ठांनो, पोरगी रडगाणं गाते म्हणून तिला गप्प करू नका. ती कशासाठी रडते, ते आधी ऐका.

जय भीम!