नायजेरियन चित्रपटांतील पत्नी : गृहकर्तव्य आणि न फेडलेले ऋण

नायजेरियन चित्रपटांतील स्त्रीचित्रणाची चर्चा बहुधा एकाच प्रश्नाभोवती फिरत राहिली आहे : हे चित्रण स्त्रीला उंचावणारे आहे की हिणवणारे? सोशिक पत्नी, खाष्ट सासू, दुसरीचा संसार मोडणारी शहरी तरुणी अशा साच्यांची यादी करायची आणि त्यांवर अनुकूल वा प्रतिकूल असा शेरा द्यायचा, हे या चर्चेचे सर्वसाधारण स्वरूप होय. स्त्रीप्रतिमांच्या अशा वर्गवारीची सवय मराठी समीक्षेलाही आहे. ही पद्धत निरुपयोगी नाही. परंतु तिच्यातून एक महत्त्वाची गोष्ट निसटते. स्वयंपाक, पतीची सेवा, मूल, सासरच्यांची मर्जी या पत्नीविषयीच्या अपेक्षा या चित्रपटांत केवळ पार्श्वभूमीचा तपशील म्हणून येत नाहीत. कथानकाची गती आणि त्यातील नैतिक निवाडा या दोहोंचा त्या आधार असतात. म्हणून पत्नी कशी दिसते यापेक्षा तिचे श्रम कथानकात काय घडवून आणतात, हा प्रश्न विचारणे अधिक फलदायी ठरते.

या प्रश्नाची पूर्वपीठिका साहित्यात सापडते. चिनुआ अचेबे यांच्या ‘थिंग्ज फॉल अपार्ट’ (१९५८) या कादंबरीत ओकोंक्वो आपल्या धाकट्या पत्नीला, ओजियुगोला, मारहाण करतो. तिचा अपराध एवढाच की, ती मैत्रिणीकडे वेणी घालून घ्यायला गेली आणि दुपारच्या स्वयंपाकाला वेळेवर परतली नाही. हा प्रसंग पेरणीपूर्वीच्या शांतिसप्ताहात घडतो, आणि ओकोंक्वोला प्रायश्चित्त घ्यावे लागते. मात्र ते प्रायश्चित्त भूदेवतेचा सप्ताह मोडल्याबद्दलचे आहे; पत्नीला मारल्याबद्दलचे नव्हे. अन्याय झाला तो देवतेवर, अशी समाजाची धारणा आहे. अचेबे हा विसंवाद कोणतेही भाष्य न करता मांडतात. १९८७ मध्ये नायजेरियन दूरदर्शनने या कादंबरीवर मालिका केली. तिच्यात ओकोंक्वोची भूमिका करणारे पीट एडोची हेच पुढे व्हिडिओ-चित्रपटांतील करारी कुटुंबप्रमुखाचा परिचित चेहरा बनले. कादंबरीतील घर पडद्यावरच्या घरात संक्रमित झाल्याची ही एक ठळक खूण आहे.

१९९२ मध्ये आलेला ‘लिव्हिंग इन बाँडेज’ हा इग्बो भाषेतील चित्रपट या उद्योगाचा आरंभबिंदू मानला जातो. निर्माते केनेथ न्नेब्वे, दिग्दर्शक ख्रिस ओबी रापू. हा चित्रपट चित्रपटगृहात झळकला नाही. तो व्हिडिओ कॅसेटच्या रूपाने बाजारात विकला गेला. शहरांतील असुरक्षितता आणि आर्थिक घसरण यांमुळे चित्रपटगृहे तोवर ओस पडू लागली होती. त्यामुळे घरातली बैठकीची खोली हेच प्रेक्षागृह झाले आणि घरातल्या स्त्रिया या चित्रपटांच्या प्रमुख प्रेक्षक ठरल्या. युनेस्कोच्या सांख्यिकी संस्थेच्या पाहणीनुसार २००६ या एका वर्षात नायजेरियात ८७२ चित्रपट निघाले. भारताची त्या वर्षीची संख्या १,०९१ होती. एवढ्या मोठ्या निर्मितीचा मोठा भाग घरात बसून, घराविषयीच पाहिला गेला, ही बाब अर्थनिर्णयाच्या दृष्टीने दुर्लक्षिण्याजोगी नाही.

‘लिव्हिंग इन बाँडेज’चे कथानक सर्वश्रुत आहे. अँडी हा लागोसमधील महत्त्वाकांक्षी, परंतु अपयशी तरुण. त्याची पत्नी मेरिट पडत्या काळातही त्याची साथ सोडत नाही. श्रीमंत मित्राच्या नादाने अँडी एका गुप्त पंथात शिरतो. संपत्तीच्या मोबदल्यात पंथ त्याच्याकडे पत्नीचा बळी मागतो. पत्नीऐवजी एका वेश्येला पुढे करण्याचा त्याचा डाव फसतो. अखेर तो मेरिटचाच बळी देतो, श्रीमंत होतो, आणि तिचे भूत त्याचा पिच्छा पुरवते. दुसऱ्या भागात त्याला वेड लागते. पापाची कबुली दिल्यावर चर्चच्या आश्रयाने त्याची सुटका होते.

अभिजनांनी अशा कथानकांना अंधश्रद्धेचा बाजार म्हणून हिणवले. वस्तुतः येथे चेटूक हे रूपकाचे काम करते. पुरुषाची संपत्ती पत्नीच्या प्राणाच्या मोलाने येते, हे वास्तववादी कथेला जेवढ्या स्पष्टपणे सांगता येणार नाही तेवढ्या स्पष्टपणे हा चित्रपट सांगतो. पंथाच्या हिशेबात सर्वांत मौल्यवान वस्तू मेरिट आहे. जिचे मोल नवऱ्याने कधी केले नाही, तिचे मोल मारेकऱ्यांनी अचूक ओळखले, असा हा विलक्षण उपरोध आहे. परंतु चित्रपट हा हिशेब शेवटाला नेत नाही. अँडीचा अपराध ‘लोभ’ या वैयक्तिक दोषात बसवला जातो, आणि क्षमा मिळते ती देवाकडून. ओकोंक्वोच्या प्रायश्चित्ताची रीत येथे पुन्हा दिसते. अन्याय पत्नीवर, ऋणमुक्ती देवापाशी. मेरिटला आपली मागणी मांडता येते ती मरणानंतर, भुताच्या रूपाने. जिवंतपणी तिच्या वाट्याला निष्ठा तेवढी येते.

पुढील चित्रपटांनी या रचनेची दुसरी बाजू पक्की केली. ‘ग्लॅमर गर्ल्स’ (१९९४) मध्ये लागोसमधील स्वतंत्र, चैनीत राहणाऱ्या स्त्रिया केंद्रस्थानी आल्या. त्यांचे आयुष्य मोहक रंगात दाखवून अखेर त्यांना धडा शिकवला गेला. पेशन्स ओझोक्वोर यांनी गाजवलेली सासू सुनेच्या स्वयंपाकावर आणि कुशीवर सारखाच पहारा ठेवते. नव्या शतकाच्या आरंभी आलेल्या तुंदे केलानी यांच्या ‘थंडरबोल्ट’मध्ये योरुबा पती आपल्या इग्बो पत्नीच्या निष्ठेवर संशय घेतो आणि तिच्या शरीरावर ‘मागून’ हा प्राणघातक मंत्र टाकला जातो. येथे केलानी एक पाऊल पुढे जातात : परीक्षा पत्नीची असली तरी त्या परीक्षेत उघडा पडतो तो पती.

अशा अपेक्षांचे समर्थन ‘ही आमची परंपरा’ या शब्दांत केले जाते. या दाव्याची चिकित्सा आवश्यक आहे. योरुबा स्त्रिया पिढ्यान्‌पिढ्या बाजारपेठांत व्यापार करत आल्या. पतीच्या मिळकतीवर घर सांभाळणारी ‘गृहिणी’ हा आदर्श रुजवण्यात वसाहतकालीन मिशनरी शिक्षणाचा वाटा मोठा आहे. इग्बो समाजात तर पत्नीला छळणाऱ्या पुरुषाच्या दारी गावातील स्त्रियांनी जमावाने जायचे, त्याची निंदा करणारी गाणी म्हणत, नाचत रात्रभर ठाण मांडायचे आणि त्याने चूक कबूल करेपर्यंत हलायचे नाही, अशी रूढ पद्धत होती. १९२९ मध्ये ब्रिटिश सत्तेविरुद्ध उठलेल्या स्त्रियांनी हेच शस्त्र वापरले. त्या उठावात पन्नासहून अधिक स्त्रिया गोळीबारात मारल्या गेल्या. म्हणजे परंपरेत सोशिकपणा होता तसा सामूहिक प्रतिकारही होता. चित्रपटांनी त्यातला पहिला घेतला आणि दुसरा बव्हंशी गाळला. पडद्यावरची पत्नी एकटी आहे. तिच्याभोवती जमणाऱ्या स्त्रिया बहुधा तिला जाब विचारायला जमतात, विशेषतः ती विधवा झाल्यावर. हे एकटेपण परंपरेतून आलेले नसून ते चित्रपटांनी केलेल्या निवडीतून आलेले आहे.

उत्तरेकडील हौसा भाषेतील चित्रपटांचे वळण काहीसे वेगळे आहे, आणि तेथे भारताशी प्रत्यक्ष धागा जुळतो. कानो शहरात हिंदी चित्रपट अनेक दशके आवडीने पाहिले गेले. ‘मदर इंडिया’ (१९५७) तेथे १९९० च्या दशकातही गर्दी खेचत होता. ब्रायन लार्किन यांनी १९९७ मधील आपल्या लेखात दाखवल्याप्रमाणे, प्रेम आणि घरच्यांनी ठरवलेले लग्न यांतील ताण हौसा प्रेक्षकाला हिंदी चित्रपटांत आपलाच वाटला. हौसा चित्रपटांत सक्तीचा विवाह आणि सवती-सवतींचा संघर्ष ही आशयसूत्रे वारंवार येतात. हौसा भाषेत सवतीला ‘किशिया’ म्हणतात, आणि तो शब्द मत्सरवाचक ‘किशी’वरून आला आहे. ‘सवतीमत्सर’ हा शब्द घडवणाऱ्या भाषेच्या वाचकाला याचे आश्चर्य वाटू नये. दोन्ही ठिकाणी पुरुषनिर्मित व्यवस्थेचा दोष स्त्रीच्या स्वभावावर टाकण्याचे काम भाषेनेच पार पाडले आहे.

अलीकडील चित्रपटांत पत्नी बदलली, असा एक युक्तिवाद केला जातो. त्यात तथ्य आहे. ओमोनी ओबोली यांच्या ‘वाइव्ह्ज ऑन स्ट्राइक’ (२०१६) मध्ये बाजारात व्यवसाय करणाऱ्या बायका बालविवाहाविरुद्ध पतींशी शय्यासंगाचा संप पुकारतात. ‘संप’ हा कामगार चळवळीतला शब्द संसाराला लावला जातो, तेव्हा पत्नीपण हे काम आहे ही कबुली आपोआप येते. शिवाय १९२९ च्या सामूहिकतेचा पुसट प्रतिध्वनीही ऐकू येतो. जादेसोला ओसिबेरू यांच्या ‘इसोकेन’ (२०१७) ची नायिका चौतिसाव्या वर्षी यशस्वी, पण अविवाहित आहे, आणि तिच्या घरच्यांच्या लेखी तेच तिचे अपयश. शेवटी ती स्वतःच्या मनाने निर्णय घेते. तथापि चित्रपटासमोरचा प्रश्न ‘लग्न कोणाशी’ हाच राहतो. लग्नानंतरच्या घराच्या कारभाराविषयी तो फारसे बोलत नाही. लागोसच्या आलिशान घरांत घडणाऱ्या नव्या चित्रपटांत नायिका चुलीपासून सुटलेली दिसते. पण तो भार घरकामाच्या मुलीकडे गेलेला असतो, आणि तिला बहुधा नावापलीकडे कथा नसते. अपेक्षा संपली नाही. ती गरीब स्त्रीच्या डोक्यावर सरकली.

हा वाद केवळ पडद्यापुरता नाही. ऑक्टोबर २०१६ मध्ये तत्कालीन राष्ट्राध्यक्ष मुहम्मदू बुहारी यांच्या पत्नीने त्यांच्या कारभारावर जाहीर टीका केली. त्या वेळी जर्मनीच्या दौऱ्यावर असलेल्या बुहारींनी, तेथील चॅन्सलर अँगेला मर्केल शेजारी उभ्या असताना, आपल्या पत्नीची जागा स्वयंपाकघरात, बैठकीत आणि ‘त्या दुसऱ्या खोलीत’ असल्याचे सांगितले. देशात त्यावर संताप उसळला आणि थट्टाही झाली. पत्नीच्या राजकीय मताला उत्तर म्हणून घराच्या खोल्या मोजून दाखवल्या जातात, तेव्हा चित्रपटांतील स्वयंपाकघराकडे निव्वळ नेपथ्य म्हणून पाहता येत नाही.

या चित्रपटांनी पत्नीचे ऋण नाकारले, असे म्हणणे अन्यायाचे होईल. उलट ते त्यांनी मान्य केले आणि त्याची भीतीही बाळगली. मेरिटचे भूत हा त्याचा पुरावा आहे. त्यांनी नाकारला तो ते ऋण जिवंतपणी वसूल करण्याचा पत्नीचा अधिकार. गौरव आणि अधिकार यांतील हे अंतर ‘सोशिक पत्नी’ अशी नोंद करून थांबणाऱ्या समीक्षेला दिसत नाही. लोकप्रिय कलाकृतीचा अभ्यास करताना स्त्रीची प्रतिमा तपासावी. परंतु त्याबरोबरच तिच्या श्रमाचा हिशेब कथानकात कोठे मांडला जातो, तो कोणाच्या नावे फेडला जातो आणि कोठे बुडवला जातो, हेही पाहिले पाहिजे.