ऐकावे ते नवल : कुलपातली नवले आणि काचेआडची नवले

जगाच्या पाठीवरील चमत्कारिक गोष्टी शोधावयास निघालेला मनुष्य सहसा घरापासून जितके दूर जाता येईल तितके दूर जातो. या सदराचीही तीच वहिवाट आहे. परंतु आपणां बडोदेकरांच्या बाबतीत हा प्रकार 'काखेत कळसा आणि गावाला वळसा' असा होतो. ब्राझीलच्या खाणीतला हिरा, अरबी किनाऱ्यावरचे मोती, ईजिप्तच्या वाळवंटातली ममी आणि खोल समुद्रातला देवमासा, इतक्या पाहुण्यांनी गेल्या पावणेदोनशे वर्षांत आपल्या गावाची वाट धरली. त्यांतील काही येथेच राहिले, काही आल्या वाटेने निघून गेले. कोण राहिले आणि कोण गेले याचा जमाखर्च मांडला असता जे दिसते ते मौजेचे आहे आणि थोडे चुटपुट लावणारेही आहे.

आरंभ हिऱ्यापासून करू. १८५३ साली ब्राझील देशातील मिनास जेराइस प्रांतात, बागाजेम येथील खाणीवर राबणाऱ्या एका गुलाम स्त्रीस अडीचशे कॅरटांहून अधिक वजनाचा एक खडा सापडला. त्याबद्दल तिला दास्यातून मुक्तता आणि हयातभराचे वेतन मिळाले, असे सांगतात. ज्या डच पेढीच्या कारागिरांनी १८५२ मध्ये कोहिनूरला नव्याने पैलू पाडले होते, त्याच पेढीने या खड्यालाही आकार दिला आणि सुमारे १२८ कॅरटांचा 'दक्षिणेचा तारा' जन्मास आला. १८६२ च्या लंडनच्या प्रदर्शनात लोकांनी तो डोळे भरून पाहिला. पुढे तो विकत घेणारा गिऱ्हाईक युरोपात निघाला नाही, तो निघाला बडोद्यात. खंडेराव महाराज गायकवाडांनी त्यासाठी ८०,००० पौंड मोजले.

खंडेरावांना (कारकीर्द १८५६ ते १८७०) जवाहिरांचा मोठा षोक. त्यांचे बंधू मल्हारराव गादीवर आले तेव्हा त्यांनी हा वारसा नुसता चालविला नाही, वाढविला. त्याच बागाजेमच्या खाणीतून निघालेला 'इंग्लिश ड्रेस्डेन' नावाचा दुसरा हिरा त्यांनी घेतला. खंडेरावांच्या वेळच्या चांदीच्या तोफा होत्याच, मल्हाररावांनी सोन्याच्या ओतविल्या! एकेक तोफ सुमारे २८० पौंड वजनाची. सोन्याच्या तोफेने कोणता शत्रू मारावयाचा, हा प्रश्न दरबारी विचारण्याची सोय नसावी. या तोफा नजरबागेत ठेवीत आणि समारंभास सजविलेले पांढरे बैल त्या ओढीत.

मल्हाररावांच्या पदच्युतीच्या प्रकरणातही हिराच निघावा, हा योगायोग एखाद्या कादंबरीकारास शोभेल असा आहे. ९ नोव्हेंबर १८७४ रोजी इंग्रज रेसिडेंट कर्नल फेअर यांच्या पपनसाच्या सरबतात विष सापडले. तपासात सोमल आणि हिऱ्याची पूड निघाली, असा निष्कर्ष काढण्यात आला. हिरकणी गिळली म्हणजे प्राण जातो, ही समजूत आपल्याकडे आजीच्या गोष्टींपासून रूढ आहे. वास्तविक हिरा म्हणजे शुद्ध कार्बनच. विषाचा गुण त्यात नाही. खरे भय होते ते सोमलाचे. चौकशीस तीन इंग्रज आणि तीन हिंदी असे सहा सभासदांचे मंडळ नेमले गेले आणि त्यांची मते अगदी बरोबर दुभंगली, तीन विरुद्ध तीन. तरीही एप्रिल १८७५ मध्ये मल्हाररावांना गादीवरून दूर केले गेले, कारण मात्र राज्यकारभारातील गैरव्यवस्थेचे दिले.

आता त्याच जामदारखान्यातील सर्वांत विलक्षण वस्तूकडे वळू. १८६५ च्या सुमारास खंडेरावांनी मोत्यांचा एक गालिचा करविला. लोकर नाही, कापूस नाही. मृगाजिन आणि रेशीम यांच्यावर पंधरा ते वीस लाख बारीक मोती ओवून वेलबुट्टी काढलेली, मधून हिरे, माणके, पाचू आणि नीलमणी जडविलेले. लांबी सुमारे पावणेनऊ फूट, रुंदी पावणेसहा. हा गालिचा मदिनेस, पैगंबरसाहेबांच्या कबरीसाठी नजर म्हणून पाठवावयाचा, असा महाराजांचा संकल्प होता. एका हिंदू मराठा राजाने असा संकल्प सोडावा, ही गोष्ट त्या मोत्यांइतकीच जपून ठेवण्यासारखी आहे. परंतु १८७० मध्ये खंडेराव निवर्तले आणि गालिचा बडोद्यातच राहिला. १९०२-०३ च्या दिल्ली दरबाराच्या प्रदर्शनात तो मांडला गेला. बाकी तो कुलपातच.

पुढची हकिगत महाराणी सीतादेवींच्या काळातली. प्रतापसिंहरावांशी त्यांचा विवाह १९४३ मध्ये झाला. नंतर त्या युरोपात मोनॅको येथे राहिल्या आणि त्यांच्याबरोबर बडोद्याचे पुष्कळ जवाहीर समुद्रापार गेले, त्यात हा गालिचाही होता. याच काळातील एक किस्सा तर कोणत्याही लग्नघरी रंगावा असा आहे. सीतादेवींच्या पायांतले पाचू-हिऱ्यांचे तोडे न्यूयॉर्कचे रत्नपारखी हॅरी विन्स्टन यांनी विकत घेतले, त्यांतील रत्नांचा कंठा घडविला आणि तो विंडसरच्या डचेसबाईंना विकला. १९५७ मध्ये न्यूयॉर्कच्या एका मेजवानीत डचेसबाई तो घालून मिरवीत असताना सीतादेवींनी सहज सांगून टाकले, की ही रत्ने माझ्या पायांतही छान दिसत असत! पायीची वहाण पायी बरी, ही आपली म्हण डचेसबाईंना ठाऊक असण्याचे कारण नव्हते. तथापि तिचा अर्थ त्यांना पुरता उमगला असावा, कारण तो कंठा त्यांनी परत केला, असे सांगतात.

मोत्यांचा गालिचा मार्च २००९ मध्ये कतारची राजधानी दोहा येथे लिलावात निघाला आणि सुमारे साडेचोपन्न लक्ष डॉलरांना, म्हणजे त्या वेळच्या दराने सत्तावीस-अठ्ठावीस कोटी रुपयांना विकला गेला. २०१९ मध्ये उघडलेल्या कतारच्या राष्ट्रीय संग्रहालयात तो आज पाहावयास मिळतो. आणि येथे नवलाचा खरा फेरा पुरा होतो. ज्यांना आपण 'बसरा मोती' म्हणतो, ते बसऱ्याच्या बाजारातून येत म्हणून त्यांचे ते नाव. मोती निघत ते कतार-बहरीनच्या किनाऱ्यांवरील आखातात. खनिज तेल हाती येण्यापूर्वी तेथील माणसे श्वास रोखून समुद्रात बुडी मारीत आणि त्यावर पोट भरीत. जपानी कृत्रिम मोत्यांनी गेल्या शतकाच्या तिसऱ्या-चौथ्या दशकांत त्यांचा धंदा बुडविला. म्हणजे तेथल्या पाणबुड्यांनी काढलेले मोती बडोद्यास आले, मोनॅकोस गेले आणि दीडशे वर्षांनी परत त्याच किनाऱ्यावर पोहोचले. माहेरचा आहेर माहेरी गेला, असेच म्हणावयाचे!

जामदारखान्याची कथा येथे संपली. हिरा गेला, गालिचा गेला, तोडे गेले. 'दक्षिणेचा तारा' २००२ मध्ये पॅरिसच्या कार्तिए पेढीकडे होता. दरबारी पोपट चांदीच्या चिमुकल्या सायकली चालवीत आणि इवल्या तोफेची सलामी देत, अशा जुन्या पाहुण्यांच्या हकिगती आहेत, ते पोपटही उडून गेले. ज्या नजरबागेत सोन्याच्या तोफा ठेवीत, ती इमारतसुद्धा आता उरलेली नाही.

मग राहिले काय? त्यासाठी कमाटीबागेत जावे लागेल.

मल्हाररावांच्या नंतर नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावचा बारा वर्षांचा गोपाळराव नावाचा मुलगा दत्तक घेण्यात आला. २७ मे १८७५ रोजी तो सयाजीराव झाला. तरुण राजाने राजवाडा बांधला, जवाहीरही राखले. परंतु नवलाच्या वस्तूंसाठी त्याने जामदारखान्याशिवाय दुसरी एक जागा निर्माण केली आणि तिचा दरवाजा रस्त्याच्या बाजूस ठेवला. बडोद्याच्या संग्रहालयाची स्थापना १८८७ मधील, इमारत पुरी झाली १८९४ मध्ये. शेजारच्या चित्रशाळेची इमारत १९१४ मध्ये तयार होती, परंतु तिच्यासाठी युरोपात घेतलेली चित्रे महायुद्धामुळे तिकडेच अडकून पडली. ती येऊन दारे उघडण्यास १९२१ साल उजाडले.

लोकांनी नवल पाहावे म्हणून राजांनी खटपट करावी, ही कल्पना जगात फार जुनी नाही. लंडनचे ब्रिटिश म्युझियम १७५९ मध्ये उघडले, तेव्हा प्रवेश विनामूल्य होता खरा, पण आधी लेखी अर्ज करून परवाना मिळवावा लागे. रशियाच्या पीटर बादशहाची तऱ्हा त्याहून न्यारी. त्याने १७१४ मध्ये सेंट पीटर्सबर्ग येथे चमत्कारिक वस्तूंचे संग्रहालय स्थापिले. तेथे पैसे घेणे दूरच, येणाऱ्याचा कॉफी किंवा मद्य देऊन पाहुणचार करावा, असा त्याचा हुकूम होता. आमच्या कमाटीबागेत असा पाहुणचार कधी झाल्याचे ऐकिवात नाही. बाहेरच्या भेळेवरच आपण तृप्त आहो.

या संग्रहालयातील निळ्या देवमाशाचा सांगाडा पाहून न थबकलेला मूल विरळा. सुमारे ७२ फूट लांबीचा हा प्राणी १९४४ मध्ये महीच्या मुखाशी वाहत आला. समुद्रापासून इतक्या आत असलेल्या आपल्या गावात जगातील सर्वांत मोठ्या जातीचा जीव मुक्कामास यावा, हे नवल नव्हे तर काय? लंडनच्या निसर्गविज्ञान संग्रहालयाने २०१७ मध्ये आपल्या मुख्य दालनात जो देवमासा मोठ्या थाटाने टांगला आणि ज्याची जगभर वाहवा झाली, तो आपल्या पाहुण्याहून जेमतेम दहा-अकरा फुटांनी मोठा आहे.

दुसरे नवल ईजिप्तच्या ममीचे. हिंदुस्थानात अशा ममी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच आहेत. बडोद्याखेरीज कोलकाता, हैदराबाद, जयपूर, मुंबई, लखनौ येथल्या संग्रहालयांची नावे त्या संदर्भात घेतली जातात. वाळवंटातील कोरड्या हवेत टिकलेल्या या देहांना आपल्या पावसाळ्याचे भय किती, ते जयपुरास कळले. ऑगस्ट २०२० मध्ये तेथील अल्बर्ट हॉलमध्ये पावसाचे पाणी शिरले, तेव्हा कर्मचाऱ्यांनी काचेची पेटी फोडून ममीला उचलून वर ठेवले. हजारो वर्षे पाण्यावाचून राहिलेली ती ममी एका पावसात जाती, पण तिच्याकडे कोणाचे तरी लक्ष होते म्हणून वाचली.

तिसरे नवल परदेशचे नसून आपल्या उंबऱ्यावरचे आहे. अकोट्याच्या जमिनीतून १९५१ मध्ये जैन मूर्तींचा एक साठा निघाला. ६८ कांस्यवस्तू, त्यांतील सर्वांत जुन्या सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीच्या. विद्वान उमाकांत प्रेमानंद शाह यांनी त्यांचा अभ्यास करून १९५९ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि अकोटा हे नाव जगातील कलापंडितांच्या तोंडी गेले. आज त्या अकोट्यात घरे घेऊन राहणाऱ्या कित्येक कुटुंबांना आपण कशावर राहतो याची कल्पना नसेल.

आता जमाखर्च पाहू. कुलपात होते त्याची किंमत कोट्यवधींची, म्हणून त्याला पाय फुटले. काचेआड होते त्याची बाजारात फारशी किंमत नाही (देवमाशाच्या हाडांना कोण गिऱ्हाईक?) म्हणून ते राहिले, असे कोणी म्हणेल. त्यात तथ्य आहे. परंतु अकोट्याच्या मूर्तींना बाजार नव्हता असे कोण म्हणेल? त्या टिकल्या, याचे कारण त्यांची नोंद झाली, त्यांवर लिहिले गेले, आणि त्या हजारो लोकांच्या पाहण्यात आल्या. ज्या वस्तूची हकिगत चार माणसांना ठाऊक असते, ती नाहीशी झाली तर निदान विचारणारे कोणी असते. मोत्यांचा गालिचा बडोद्यातून गेला तेव्हा तो पाहिलेली माणसेच गावात थोडी होती. विचारणार कोण?

हा हिशेब राजेरजवाड्यांपुरता नाही. गायकवाडांच्या मागोमाग येऊन आपल्या मराठी कुटुंबांनी येथे दोनशे-अडीचशे वर्षे संसार केले. आपल्या घरांतूनही जामदारखाने आहेत. माळ्यावरच्या पेटीत मोडी लिपीतले कागद, फडताळात पणजीची नथ, देवघरात कोठून आली हे कोणास ठाऊक नसलेली पितळी मूर्ती. मोडी वाचणारी पिढी मावळत आली आहे. कागद वाळवीने खाण्यापूर्वीच त्याचा अर्थ हरवतो, आणि अर्थ हरवलेला कागद रद्दीत जाण्यास एक दिवाळीची साफसफाई पुरते. संग्रहालयातल्या प्रत्येक वस्तूखाली एक लहानशी चिठ्ठी असते. ती काढून घेतली तर ममी म्हणजे जुन्या चिंध्यांचे गाठोडे आणि देवमासा म्हणजे हाडांचा ढीग.

तेव्हा वाचकहो, येत्या रविवारी मुलानातवंडांना घेऊन कमाटीबागेत अवश्य जावे. नोकरीनिमित्त दोह्यास असलेल्या आपल्या मंडळींनी सुट्टीच्या दिवशी तेथील संग्रहालयात आपल्या गालिच्याचीही विचारपूस करून यावी. घरी परतल्यावर माळ्यावरची पेटी खाली काढावी, आणि ज्या वस्तूची हकिगत घरातील एकाच वृद्ध माणसास ठाऊक आहे, ती त्याच्याकडून ऐकून एका कागदावर लिहून त्या वस्तूस बांधून ठेवावी. कागद साधा चालेल. मजकूर मात्र आजच लिहावा, आणि खाली तारीख घालण्यास विसरू नये.